ऑपरेटिंग सिस्टीमची जन्मकथा आणि आपल्या हातातला जुना फोन

 

हल्ली गटाच्या बैठकीत सतरंजी अंथरली की पासबुकांच्या आधी फोन बाहेर निघतात. बचतीची नोंद लोकओएस ॲपवर, बँकेचा मेसेज फोनवर, हळदीचा भाव फोनवर, पोरीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपीही फोनवर. आम्ही समन्वयक गावोगाव फिरतो तेव्हा एक प्रश्न सगळीकडे येतो. "ताई, भरवशाचं काय? ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर, की आपला मोबाईल?" कुणी म्हणतं, लिनक्स असलं की व्हायरस लागतच नाही. कुणी म्हणतं, ॲपलचा महागडा फोन घेतला की चिंता मिटली. दुकानदार म्हणतो, मी देतो तोच चांगला.

नुसतं एका कंपनीचं नाव घेऊन या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. कुठली वस्तू कुणी, कशासाठी आणि कुठल्या परिस्थितीत बनवली हे कळलं, की तिची कुलपं कुठे पक्की आणि कुठे कच्ची तेही कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

यंत्र म्हणजे काच, तार आणि पत्रा. त्याला स्वतःचं काही कळत नाही. त्याच्या आत एक मुख्य कारभारी बसवलेला असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. (आपल्याकडे कारभारी म्हटलं की बाया पदराआड हसतात, पण इथे तो अर्थ नाही.) कुठल्या ॲपला किती जागा द्यायची, कॅमेरा कुणी उघडायचा, मेसेज कुणी वाचायचे, दार कुणासाठी उघडायचं, हे सगळं हा कारभारी पाहतो. संगणकावर बहुतेक ठिकाणी विंडोज असते, काही ठिकाणी लिनक्स. आपल्या फोनवर अँड्रॉइड, ॲपलच्या फोनवर आयओएस. आणि लोकओएस? नावात ओएस असलं तरी ते या कारभाऱ्याच्या हाताखाली चालणारं एक ॲप आहे. हा घोळ प्रशिक्षणात दर वेळी होतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता मूळ गोष्ट. साल १९६९, अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य. तिथे टेलिफोन कंपनीची बेल लॅब्स नावाची प्रयोगशाळा होती. त्या काळी मोठा संगणक खोलीभर पसरलेला असायचा आणि किंमत अशी, की एका माणसाला एक यंत्र देणं परवडण्यासारखं नव्हतं. एका यंत्राला अनेक वाटेकरी. बेल लॅब्स दुसऱ्या संस्थांबरोबर मल्टिक्स नावाची एक भलीमोठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होती. काम लांबत गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने त्यातून अंग काढून घेतलं. तिथे काम करणाऱ्या केन थॉम्पसन यांना कोपऱ्यात पडून असलेलं, फारसं कुणी हात न लावणारं पीडीपी-७ नावाचं यंत्र मिळालं. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी बॉनी वर्षभराच्या बाळाला घेऊन आजी-आजोबांकडे कॅलिफोर्नियाला गेल्या, तीन आठवड्यांसाठी. त्या तीन आठवड्यांत थॉम्पसन यांनी नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचा पाया रचला. डेनिस रिची त्यांच्या जोडीला होतेच. पुढे तिला युनिक्स हे नाव पडलं.

ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात कौतुकाने सांगतात आणि ती कौतुकाचीच आहे. आम्ही मात्र ती सांगताना बॉनीपाशी थोडं थांबतो. तीन आठवडे मोकळे मिळाले की माणूस काय करू शकतो हे त्या गोष्टीत आहे, आणि ते मोकळे आठवडे त्याला कुणी दिले हेही आहे. असो.

युनिक्स अनेक वाटेकऱ्यांसाठी जन्मली, म्हणून तिची रचना मोठ्या वाड्यासारखी झाली. वाडा एक, पण प्रत्येकाची खोली वेगळी, प्रत्येक खोलीला कुलूप. या कागदाचा मालक कोण, तो वाचायचा कुणी, त्यात लिहायचं कुणी, हे प्रत्येक कागदावर ठरलेलं. सगळ्या वाड्याच्या किल्ल्या फक्त एका मुख्य मालकाकडे. एका खोलीत चोर शिरला तरी तो आपसूक दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. ही कुलपं कुणी मागून ठोकलेली नव्हती. भांडणं होऊ नयेत, एकाने दुसऱ्याचं काम बिघडवू नये, म्हणून ती सुरुवातीपासूनच होती.

म्हणजे युनिक्स अभेद्य होती का? नाही, आणि त्याची गोष्ट तर घरातच घडली. रॉबर्ट मॉरिस नावाचे गणिती बेल लॅब्समध्ये होते. युनिक्सचे पासवर्ड गुप्त ठेवायची पद्धत त्यांनी घडवली. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याने एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. तो एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरत गेला आणि त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० यंत्रं अडली. तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवर हा आकडा फार मोठा होता. आत शिरायला त्याने काही त्रुटी वापरल्या आणि शिवाय पासवर्ड ओळखायचा सोपा मार्ग धरला: माणसाचं स्वतःचं नाव, नाहीतर नेहमीच्या शब्दांची यादी. बापाने घडवलेलं कुलूप मजबूतच होतं, लोकांनी किल्ली पायपुसण्याखाली ठेवली होती. आपल्यापैकी किती जणींचा पिन पोराचं जन्मसाल आहे, हे आम्ही विचारत नाही. ज्यांचा आहे त्यांना कळलं असेल.

दुसरं घराणं विंडोजचं. त्याचा जन्म अगदी वेगळ्या गरजेतून झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने टेबलावर मावणारा संगणक बाजारात आणला. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम घाईने हवी होती. मायक्रोसॉफ्टने सिएटल परिसरातल्या एका छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली तयार सिस्टीम लाखाच्या आतल्या डॉलरमध्ये विकत घेतली, तिच्यात फेरफार केले आणि ती आयबीएमला दिली. ती डॉस. पॅटरसन यांनी आधी तिला जे गमतीचं नाव दिलं होतं त्याचा अर्थच 'झटपट, कामचलाऊ' असा होता.

डॉसमध्ये खोल्या नव्हत्या, कुलपं नव्हती, पासवर्डही नव्हता. का असावा? एक टेबल, एक यंत्र, एक माणूस. घरात एकटंच माणूस राहणार तर आतल्या दाराला कुलूप लावायचं कुणापासून? त्या दिवसांपुरता हा विचार योग्यच होता. पण माणसं एकमेकांकडे फ्लॉपी नेऊ लागली आणि फ्लॉपीबरोबर नको ते पाहुणेही आले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी ब्रेन नावाचा व्हायरस लिहिला. ते औषधोपचाराशी संबंधित प्रोग्राम विकत असत आणि त्याच्या चोरून नकला कोण करतं ते त्यांना पाहायचं होतं. गंमत अशी, की त्यांनी व्हायरसमध्येच स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. आजचे चोर इतके सरळ नसतात.

नोव्हेंबर १९८५ मध्ये डॉसवर चित्रांचा पडदा चढवून विंडोज आली आणि १९९५ च्या विंडोज ९५ ने ती घराघरांत पोचली. पण पडद्यामागे बरंचसं घर तेच एका खोलीचं. मायक्रोसॉफ्टलाही हे कळत होतं. म्हणून त्यांनी डेव्ह कटलर यांना बोलावून कुलपं असलेली वेगळी विंडोज एनटी १९९३ मध्ये तयार केली. ही दोन घराणी ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपीत एकत्र आली. तरीही एक खोड राहिलीच. एक्सपी बसवली की घरातल्या प्रत्येकाच्या हातात सगळ्या किल्ल्यांचा जुडगा येत असे, कारण लोकांना तशीच सवय होती. तोवर इंटरनेट आलेलं. शेतातलं एकटं घर रातोरात बाजारपेठेच्या रस्त्यावर आलं, आणि दारं मात्र शेतातलीच.

जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कंपनीतल्या सगळ्यांना पत्र लिहून सांगितलं, की नव्या सोयींपेक्षा सुरक्षितता आधी. २००३ पासून दुरुस्त्यांचा वार ठरला: दर महिन्याचा दुसरा मंगळवार. आपल्या साप्ताहिक बैठकीसारखंच आहे हे. वार ठरला की कामं होतात. २००४ मध्ये एक्सपीला मोठी डागडुजी झाली आणि बाहेरून येणारी वाट आपोआप बंद राहू लागली. आजची विंडोज ही कुलपांच्या बाबतीत त्या जुन्या डॉसची वारस राहिलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी व्हायरसवाले तिच्याच मागे जास्त लागतात, कारण टेबलावरचे सर्वाधिक संगणक तिचेच. चोर एकच किल्ली घडवणार असेल तर जे कुलूप जास्त दारांना आहे त्याचीच घडवेल.

आपल्याकडे तर विंडोज म्हणजेच संगणक असं समीकरण झालं. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला, आणि २००१ च्या सुमारास एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स सुरू झाला. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं तशी तालुक्याच्या गावी केंद्रं उघडली. आमच्यासारख्या बीएच्या मुली एसटीने जाऊन माऊस धरायला तिथेच शिकल्या. शिकलो ते विंडोजवर. ते शिक्षण मोलाचं होतं, त्यानेच आम्हाला हे काम मिळालं. पण दुसरंही काही असतं, हे खूप उशिरा कळलं.

ते दुसरं म्हणजे लिनक्स. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी माणसाने जाहीर केलं, की युनिक्ससारखी पण सगळ्यांना मोकळी असलेली सिस्टीम बनवायची. जिचा आराखडा कुणीही पाहावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. त्या कामात मधला मुख्य भाग अडला होता. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून असं काही लिहीत असल्याचं इतरांना कळवलं. दोन्ही एकत्र आलं आणि जगभरचे लोक हातभार लावू लागले. लिनक्सची घडण युनिक्सच्या वाड्याची, खोल्याखोल्यांची. फरक एवढाच, की या वाड्याचा नकाशा चावडीवर टांगलेला.

लिनक्स वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या रूपांत बांधून दिली. त्यातलं एक जुनं आणि भरवशाचं रूप डेबियन, ऑगस्ट १९९३ मध्ये जाहीर झालेलं. करणाऱ्याचं नाव इयन मर्डॉक आणि त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा. डेब आणि इयन मिळून डेबियन. संगणकाच्या दुनियेत बाईचं नाव पुढे आणि पुरुषाचं मागे, असं एक तरी उदाहरण आहे.

आणि हे नाव आपल्या दारापर्यंत येतं. १९८८ मध्ये स्थापन झालेली, पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही सरकारी संस्था आपल्याला परम महासंगणकामुळे माहीत आहे. संगणकावर मराठी उमटवण्याचं मोठं कामही तिचंच. सी-डॅकने डेबियनच्या पायावर बॉस नावाची भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. चेन्नई केंद्रात हे काम झालं आणि जानेवारी २००७ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. ती फुकट आहे, मराठीसह भारतीय भाषांत चालते, आणि तिचा आराखडा उघडा आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये धोरणही केलं, की सरकारी कामात अशा मोकळ्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरला पसंती द्यावी. तरी आम्ही ज्या कार्यालयांत जातो तिथे बॉस आमच्या पाहण्यात आलेली नाही. आमचं मत विचाराल तर दोष बॉसचा नाही. शिकवणारा विंडोज शिकवतो, दुरुस्ती करणारा पोरगा विंडोज जाणतो, प्रिंटर विंडोजवर लगेच चालतो. नवी सून कितीही गुणी असली तरी घरातली भांडी तिच्या हाताच्या जागी ठेवायला कुणीतरी लागतं.

आता उघड्या नकाशाचा प्रश्न. बायका लगेच विचारतात, नकाशा सगळ्यांना दिसतो तर चोरालाही दिसतो ना? दिसतो. पण शेजाऱ्यालाही दिसतो. गटाचा हिशोब भर बैठकीत मोठ्याने वाचतात, तो का? चूक लपू नये म्हणून. मात्र त्यासाठी ऐकणाऱ्यांनी खरंच ऐकलं पाहिजे. लिनक्सवर जवळजवळ सगळीकडे असणाऱ्या बॅश नावाच्या एका भागात १९८९ पासून एक भोक होतं. ते सप्टेंबर २०१४ मध्ये उघडकीला आलं. पंचवीस वर्षं हिशोब सगळ्यांसमोर होता, पण त्या ओळीपाशी कुणी थांबलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तर अगदी गटातलीच वाटावी अशी. लिनक्सबरोबर एक्सझेड नावाचं एक छोटं साधन जातं. ते सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी आणि थकलेला. एक अनोळखी मदतनीस आला. त्याने दोन वर्षांहून जास्त काळ निमूट, चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, आणि किल्ल्या हाती आल्यावर आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, की आपल्या यंत्रात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर चहा प्यायला गेला असता. फ्रॉइंड खोदत गेले आणि तो दरवाजा जगभर पसरायच्या आधी सापडला. हे फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. म्हणजे लिनक्सचं घर विंडोजवाल्या कंपनीतल्या माणसाने वाचवलं. नकाशा उघडा होता म्हणूनच त्यांना शोधता आलं, हेही तितकंच खरं.

आता आपल्या महाराष्ट्रात घडलेलं. उरणजवळ न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर आहे. महाराष्ट्राचा माल समुद्रापार जातो तो मोठ्या प्रमाणात याच बंदरातून. २७ जून २०१७ रोजी तिथल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनर जागीच अडकले. हे टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगाची. नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रामने मर्स्कचे जगभरचे संगणक एका दिवसात निकामी केले होते.

हा घाव कुठून आला ते बघा. विंडोजमधलं एक भोक अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेला ठाऊक होतं. त्यातून शिरायचं हत्यार तिने स्वतःसाठी बनवून ठेवलं होतं. ते हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये जगजाहीर झालं. मायक्रोसॉफ्टने त्या भोकाची दुरुस्ती त्याआधीच, १४ मार्चला, दिली होती. पण अनेकांनी ती बसवली नाही. १२ मे रोजी वॉनाक्राय आला आणि दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक अडले. ब्रिटनमध्ये दवाखान्यांतल्या तपासण्या रद्द झाल्या. एवढं होऊनही दुरुस्त्या राहिल्याच, आणि जूनमध्ये नॉटपेट्या. तो आधी युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत शिरला आणि मग एका संगणकात साठलेले पासवर्ड चोरून, दुरुस्ती केलेल्या संगणकांतही घुसला. एका घराने पाण्याच्या टाकीला झाकण लावलं नाही तर डेंग्यू आळीभर होतो, तसंच.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. त्यांच्या जगभरच्या जाळ्याची एक महत्त्वाची यादी सगळीकडची पुसली गेली होती. शोधता शोधता ती एका ठिकाणी शाबूत सापडली, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, यंत्र बंद होतं. लोडशेडिंगने कुणाचं भलं केल्याचं हे एकच उदाहरण आम्हाला ठाऊक आहे.

जुनी कुलपं फक्त बंदरातच नव्हती. एक्सपीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. त्यानंतरही देशातली अनेक एटीएम यंत्रं एक्सपीवरच चालत राहिली. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना मुदत घालून दिली, की जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम नव्या सिस्टीमवर न्या. म्हणजे ज्या यंत्रातून आपण निराधारचे, पीक विम्याचे पैसे काढत होतो, त्यांतल्या कित्येकांचा कारभारी चार-पाच वर्षं बिनडागडुजीचा होता. आता विंडोज १० ची नेहमीची दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहे. ग्रामपंचायतीत, सेवा केंद्रात, शाळेत कुठली विंडोज आहे, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. आधारचे, सातबाऱ्याचे, रेशनचे आपले कागद त्याच यंत्रांतून जातात.

आता आपल्या हातातला फोन. अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी २००३ मध्ये सुरू झाली, २००५ मध्ये गुगलने ती घेतली आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला. त्याच्या आत गाभा आहे लिनक्सचा. म्हणजे थॉम्पसन यांनी बाळ घरी नसताना रचलेल्या वाड्याचा नकाशा आज आपल्या ब्लाउजच्या खिशात आहे. २०१७ मध्ये आलेला जिओचा बटणांचा स्मार्ट फोन आठवतो ना? त्यातल्या कायओएसचा गाभाही लिनक्सच. ॲपलच्या फोनचं मूळही युनिक्सच्याच दुसऱ्या फांदीत आहे.

अँड्रॉइड करणाऱ्यांनी एक हुशारी केली. युनिक्समध्ये प्रत्येक माणसाला वेगळी खोली होती, यांनी ती प्रत्येक ॲपला दिली. फोन एका बाईचा, पण आतली ॲप्स म्हणजे वाड्यातल्या वेगवेगळ्या बिऱ्हाडांसारखी. गाण्यांच्या ॲपला बँकेच्या ॲपच्या खोलीत डोकावता येत नाही. कॅमेरा, मेसेज, फोन नंबर हवे असतील तर त्याला आधी आपल्याला विचारावं लागतं. रचना म्हणून ही डॉसच्या एका खोलीपेक्षा कितीतरी पक्की.

मग फसवणूक का होते? कारण कुलूप तोडण्यापेक्षा मालकिणीकडून किल्ली मागून घेणं सोपं. लग्नपत्रिका, पीएम किसान, गाडीचं चलन, अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ते ॲप असतं, दुकानाबाहेरचं. आपण दाबलं, फोनने विचारलं 'अनोळखी ठिकाणचं आहे, घेऊ का', आपण हो म्हटलं. मग ते विचारतं 'मेसेज वाचू का', आपण पुन्हा हो. आता ओटीपी त्याच्या हातात. इथे विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड कुणाचाच इलाज चालत नाही. पैसे गेल्याचं कळताच १९३० वर फोन करायचा, तिथल्या तिथे. नवरा संध्याकाळी घरी येईपर्यंत थांबायचं नाही.

पण सगळा दोष दाबणाऱ्या बोटाला देणं आम्हाला पटत नाही. ऑगस्ट २०१५ पासून गुगल अँड्रॉइडच्या दुरुस्त्या नियमितपणे जाहीर करतं. त्या आपल्या फोनपर्यंत पोचवायचं काम फोन बनवणाऱ्या कंपनीचं. स्वस्त फोनला ती काही वर्षं पोचवते आणि मग थांबते. फोन चालू राहतो, गाणी वाजतात, काच फुटलेली असते ती दिसते. दुरुस्ती थांबलेली मात्र दिसत नाही.

आणि घरात तो जुना फोन कुणाकडे असतो? नवा फोन आधी कारभाऱ्याला (इथे खरोखर तोच अर्थ), नाहीतर कॉलेजच्या पोराला. त्याचा जुना धाकट्याला. त्याने गेम खेळून बॅटरी संपवली की तो आईला. आम्ही गेलो त्या गटांत हे चित्र इतक्या वेळा पाहिलं, की आता त्याचं नवल वाटत नाही. घरातल्या सगळ्यांत जुन्या, दुरुस्ती थांबलेल्या फोनवर दहा-बारा बायांच्या बचतीची नोंद आणि बँकेचे मेसेज असतात. पोराचा नवा फोन रील बघायला.

तपासायला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये अगदी खाली 'फोनबद्दल' असतं, त्यात 'अँड्रॉइड आवृत्ती', त्यात 'सुरक्षा अपडेट' आणि एक तारीख. ती तारीख गेल्या काही महिन्यांतली असेल तर ठीक. दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि 'सिस्टीम अपडेट' दाबूनही नवं काही येत नसेल, तर त्या फोनची डागडुजी बंद झाली असं समजायचं. तो बोलायला, फोटोला, भजनं ऐकायला राहू द्या. त्यावर बँकेचं ॲप आणि गटाची नोंद नको. अपडेटची सूचना आली की रात्री चार्जिंगला लावून, वायफाय नसेल तर थोडा डेटा खर्च करून, ते होऊ द्यायचं.

शेळ्यांना, शिलाई मशीनला, हळद उकळायच्या कढईला गटातून अंतर्गत कर्ज मिळतं. नोंदी ठेवणाऱ्या ताईच्या फोनला आम्ही ते कुठे दिलेलं पाहिलं नाही. पुढच्या बैठकीत सगळ्या फोनच्या तारखा वाचून इतिवृत्तात लिहा, आणि ज्या फोनवर गटाचा हिशोब आहे त्याची तारीख जुनी निघाली तर कर्जाचा विषय त्याच बैठकीत घ्या. ग्रामसंघाला तसा ठराव पाठवायचा असेल तर मसुदा करून द्यायला आम्ही येऊ.